सणाचा जन्मदाखला

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की आमच्या प्राध्यापक-कक्षात एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. पूर्वी तो पत्रकातून येई, मग ई-मेलमधून येऊ लागला, आता मोबाइलवरून येतो. आशय मात्र तोच. नाताळ हा मुळात ख्रिस्ती सण नव्हेच. रोमन लोकांच्या सूर्यपूजेवर चर्चने आपला शिक्का मारला. ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार देवी. अंडी आणि ससे तिचेच. गेल्या काही वर्षांत हा मजकूर दोन परस्परविरोधी दिशांनी येऊ लागला आहे. एक प्रेषक 'परकीय' सण हद्दपार करायला निघालेला. दुसरा स्वतः ख्रिस्ती, एखाद्या नव्या प्रार्थना-मंडळातला. खऱ्या श्रद्धावंताने नाताळ टाकून बायबलने सांगितलेले वल्हांडण आणि मंडपांचा सणच पाळावा, असे त्याचे म्हणणे. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, असली तर वैरच. पण निष्कर्ष एकच: शेजाऱ्याचा सण खोटा, कारण त्याचे मूळ दुसरीकडे आहे.

भिवंडीत बसून या वादाची दखल घ्यावी असे आम्हांला वाटले ते एका विद्यार्थिनीमुळे. ती वसई तालुक्यातून एस.टी.ने येते. तास संपल्यावर आमच्यापैकी एकीला तिने विचारले, "मॅडम, माझी आजी आगेऱ्याला भाताची कणसं चर्चमध्ये नेते. आता घरातलेच काहीजण म्हणतात, हे मूर्तिपूजकांचं आहे, सोडून द्या. आजी गप्प बसलीये. खरं काय?" प्रश्न इतिहासाचा होता, पण त्यात एका म्हातारीचे गप्प बसणे होते. हा लेख त्या गप्प बसण्याच्या बाजूने आहे.

प्रथम पुरावा पाहू. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत नाही, हे खरे. 25 डिसेंबर ही तारीख स्पष्टपणे आढळते ती रोममध्ये 354 साली सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात. त्यातली संबंधित यादी 336च्या सुमाराची मानली जाते. त्याच संग्रहात त्याच तारखेपुढे 'अजिंक्या'च्या, म्हणजे सूर्याच्या, जन्मदिवसाचीही नोंद आहे. सम्राट ऑरेलियनने 274 साली रोममध्ये सूर्याचे मंदिर उभारले हे प्रसिद्धच आहे. परंतु सूर्याचा उत्सव 25 डिसेंबरला होता याचा सर्वांत जुना स्पष्ट पुरावा हाच 354चा संग्रह. सॅटर्नेलिया सुरू होई 17 डिसेंबरला. शिवाय दुसरी एक उपपत्ती अशी की ख्रिस्ताचा गर्भसंभव आणि मृत्यू एकाच तिथीस, 25 मार्चला, झाले असे काही जुने लेखक मानीत. त्यात नऊ महिने मिळवले की 25 डिसेंबर येतो. कोणी कोणाकडून घेतले याचा निर्णय अभ्यासकांत आजही झालेला नाही. आमच्या मोबाइलवर मात्र तो केव्हाच झाला आहे.

ईस्टर आणि इश्तार यांची कथा तर त्याहून पोकळ. आठव्या शतकातला इंग्लंडचा साधू बीड याने 725 साली लिहिलेल्या कालगणनेच्या ग्रंथात ईओस्त्रे नावाच्या एका देवीवरून महिन्याचे नाव पडल्याचे सांगितले आहे. या देवीविषयीची साक्ष जवळजवळ तेवढीच. इश्तारशी तिचा संबंध केवळ कानाला जाणवणारा. मुळात हे नाव इंग्रजी-जर्मन प्रदेशापुरते. ग्रीक, लॅटिन, पोर्तुगीज या भाषांत या सणाचे नाव 'पेसाह' या हिब्रू शब्दावरून आले आहे, आणि गोव्यातला कोंकणी ख्रिस्ती आजही 'पास्कांचें फेस्त' म्हणतो. म्हणजे ज्या सणाला 'बायबलबाह्य' म्हणून हिणवायचे, तो बायबलमधल्या वल्हांडणाचे नाव अंगावर मिरवीत आला आहे.

मग ही इश्तार आली कुठून? अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाद्रीने 1853मध्ये 'द टू बॅबिलॉन्स' नावाची पुस्तिका काढली आणि 1858मध्ये तिचा मोठा ग्रंथ केला. कॅथलिक चर्च म्हणजे वेष पालटलेले बाबिलोन, हे त्याचे प्रतिपाद्य, आणि इश्तार-ईस्टरची जोडी लोकप्रिय केली ती त्यानेच. त्याच्याही आधी इंग्लंडमधल्या प्युरिटनांनी, बायबलमध्ये आधार नाही एवढ्याच कारणास्तव, 1647मध्ये संसदेकडून नाताळ रद्द करवून घेतला होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 ते 1681 या काळात नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. तेव्हा मिशनऱ्यांचे कारस्थान उघडे पाडण्याच्या आवेशात आमचा जो स्वदेशाभिमानी मित्र हा मजकूर पुढे धाडतो, तो प्रत्यक्षात एका पाद्रीचेच पत्रक वाटीत असतो. एवढे फुकट काम मिशनला कोणी करून दिले नसेल.

आता 'शुद्ध' बायबली सणांकडे वळू. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात त्यांची यादी आहे: पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण, मग सात दिवस बेखमीर भाकर, पहिल्या पिकाची पेंढी, पन्नासाव्या दिवसाचा सण, सातव्या महिन्यात कर्ण्यांचा दिवस, दहाव्या दिवशी प्रायश्चित्त, पंधराव्यापासून मंडपांचा सण. यादी काळजीपूर्वक वाचली की शेताचा वास येतो. वल्हांडणाच्या महिन्याचे बायबलमधले जुने नाव 'आबीब'. त्याचा अर्थ जवाचे कोवळे कणीस. मेंढपाळाचे कोकरू आणि शेतकऱ्याची नव्या पिठाची भाकर यांवर पुढे मिसर देशातून सुटकेची आठवण चढली, असे बायबलचे अनेक अभ्यासक मानतात. आणि ज्या निसान, तिश्री, अदार या महिन्यांनी यहुदी पंचांग चालते, ती नावे बाबिलोनच्या बंदिवासातून परतताना आणलेली आहेत. यरुशलेमी तालमूदच तसे सांगतो. त्यांतल्या एका महिन्याचे नाव तम्मूज. तम्मूज हा बाबिलोनचा देव. त्याच्यासाठी रडणाऱ्या बायकांचा धिक्कार यहेज्केल संदेष्ट्याने केला आहे. धिक्कारलेला देव पंचांगात राहिला, आणि त्यामुळे कोणाची एकेश्वरनिष्ठा बाटली नाही. बाबिलोनी मूळ हा गुन्हा असेल तर आरोपीच्या पिंजऱ्यात नाताळच्या आधी हे पंचांग उभे करावे लागेल.

पण आमच्या वादाचा खरा साक्षीदार दूर देशी नाही. तो आमच्याच कोकणात आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, ठाणे या पट्ट्यात शतकानुशतके बेने इस्रायल राहिले. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'. त्यांच्यापाशी बायबलची पोथी राहिली नव्हती. राहिले होते शमाचे पठण, सुंता, शब्बाथ, माशांविषयीचे विधिनिषेध आणि सण. आणि सणांची नावे काय? नव्याचा सण. खिरीचा सण. दारफाळणीचा सण: त्या दिवशी घराचे दार लावून आत उपवास करायचा, पुढे कळले की हा प्रायश्चित्ताचा दिवस. होळीचा सण म्हणजे पुरीम. बिरड्याचा सण म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस. त्या दिवशी केळीच्या पानावर वालाचे बिरडे. अनशी ढाकायचा सण म्हणजे वल्हांडण. एका महिन्याच्या उपवासांना तर ते रमझान म्हणत आणि एलिया संदेष्ट्याच्या दिवसाला उरूस. हायीम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897मध्ये लिहिलेल्या आणि 1937मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात या सणांचे सविस्तर वर्णन आहे.

आमच्या मजकूरवाल्यांच्या हाती ही यादी पडली असती तर? होळी हिंदूंची, उरूस मुसलमानांचा, खीर कोणाचीही. सगळा सण 'उसना' ठरून रद्द झाला असता. प्रत्यक्षात या उसन्या नावांच्या आत तिथ्या शाबूत होत्या. पोथी हरवलेल्या समाजाने आपली स्मृती शेजाऱ्यांच्या शब्दांत बांधून ठेवली आणि ती टिकली. पुढे कोचीनचे यहुदी शिक्षक आले, मिशनरी आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकली. छापील मराठी बायबल हाती आले आणि 'अनशी ढाकायचा सण' हाच 'वल्हांडण' हे त्यांना उमगले. कोकणातल्या यहुद्यांना त्यांचे शास्त्र ख्रिस्ती छापखान्याने परत मिळवून दिले! 1874मध्ये पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादाच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. या सणात 'मूळ' काय आणि 'उसने' काय, हे ज्याला सुरीने कापून वेगळे करायचे असेल त्याने खुशाल करावे. हातात सुरी तेवढी राहील.

अशी सुरी एकदा चाललीही. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे निर्देश तिथल्या मुख्य रब्बींनी 1962मध्ये काढले. ज्यांनी पोथीवाचून सण सांभाळले त्यांनाच जन्मदाखला मागितला गेला. त्यांनी यरुशलेमच्या रस्त्यांवर निदर्शने केली, आणि 1964मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे इस्रायलच्या संसदेला सांगावे लागले. मुळाचा शोध ग्रंथालयातून कचेरीत गेला की तो असा माणसांच्या अंगावर येतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मग मूळ शोधूच नये काय? जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (1873) बळीराजाच्या कथेचे मूळ उकरले ते चूक होते काय? रा. चिं. ढेऱ्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (1984) लिहून पंढरीच्या देवाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात दाखवले ते कशासाठी? आमचे उत्तर असे: त्यांनी मूळ शोधले ते दडपलेल्याला दार उघडण्यासाठी. फुल्यांच्या शोधामुळे 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणणारी माउली खोटी ठरली नाही. तिचे म्हणणे आणखी खरे ठरले. ढेऱ्यांचे पुस्तक वाचून कोणा वारकऱ्याने दिंडी सोडली नाही. उलट त्या दिंडीत धनगराचा हक्क थोरला झाला. शोध तोच, पण एक शोध माणसे आत घेतो, दुसरा बाहेर काढतो. चर्चही या कसोटीतून सुटत नाही. गोव्यात 1560 ते 1812 इन्क्विझिशन होते आणि धर्मांतरितांच्या घरातल्या जुन्या चालीरीतींवर तिथे बंदी घालण्यात आली; तेही शुद्धतेच्याच नावाने. शुद्धीचा हट्ट कोणत्याही धर्माचा असो, त्याची पहिली धाड स्वयंपाकघरावर आणि शेतावर पडते.

आता त्या आजीच्या आगेऱ्याविषयी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वसई-मुंबईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती नव्या भाताची कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करून घेतात. गोव्यात राय गावी 5 ऑगस्टला कोणसांचें फेस्त होते. कोकणातला हिंदू शेतकरी दाराला नवे बांधतो. बेने इस्रायलांचा 'नव्याचा सण' वर आलाच आहे. आणि लेवीय काय सांगते? पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणावी. मूर्तिपूजकांचे म्हणून जे सोडायला सांगितले जात आहे, ते आजीचे कृत्य नाताळ आणि ईस्टर या दोहोंपेक्षा लेवीयच्या शब्दांच्या अधिक जवळचे आहे. ती हे वाचून करीत नाही. भात पिकले म्हणून करते. मोशेच्या काळच्या शेतकऱ्यानेही बहुधा तेवढ्याचसाठी केले असेल.

हे सारे भिवंडीत का लिहायचे, असे कोणी विचारील. 7 मे 1970 रोजी या गावात शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि न्या. मादन आयोगाला तिची चौकशी करावी लागली. उत्सव हा मालकीचा पुरावा झाला की काय होते हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागत नाही. उलट, 2023मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद 28 सप्टेंबरला एकत्र आल्या, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला. जन्मदिवसाची मिरवणूक जन्मदिवसाला निघाली नाही. कोणत्या शास्त्रात याचा आधार आहे? आम्हांला विचाराल तर शेजारधर्मात.

म्हणून येत्या डिसेंबरात तो मजकूर आला तर आम्ही प्रेषकाला एवढेच विचारू: या सणाने आज कोणाचे अन्न, मान किंवा जागा हिरावली जाते आहे का? जात असेल तर बोला, आम्ही तुमच्याबरोबर आहोत; सण आमच्या घरचा असला तरी. जात नसेल, तर कोणाचा जन्मदाखला मागू नका. 'नाताळ' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, त्यांनी लॅटिनमधून. अर्थ एवढाच, जन्माचा. जन्म कोठे झाला याहून, जन्मलेले पुढे कोणी वाढवले, हा प्रश्न मोठा.

त्या मुलीला आम्ही इतकेच सांगितले: आजीला म्हणावे, कणसे न्या.