एका गुणाचा हिशेब

फुटबॉल म्हटले की आम्हां बेळगावकरांच्या डोळ्यांपुढे पायाने टोलविला जाणारा गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेत मात्र त्याच नावाचा खेळ बहुतांशी हाताने खेळतात, आणि त्याचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. या विसंगतीची थट्टा आम्ही अनेकदा केली आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीस स्थायिक झालेला आमचा भाचा सहकुटुंब आला, आणि त्याच्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवाने आमची ती थट्टा कायमची बंद केली.

मुलगा त्याच्या शाळेच्या संघात आहे. ‘‘पण आजोबा, मी संपूर्ण सामन्यात दहा मिनिटेसुद्धा मैदानावर नसतो,’’ असे तो खालमानेने म्हणाला. त्याच्या आईनेही पुस्ती जोडली, ‘‘एवढ्या थंडीत बाकावर बसायला जातो, मामा!’’ शिक्षकाच्या कानाला असा स्वर लगेच कळतो. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, असे त्या मुलाने मनाशी ठरवून टाकले होते. आम्ही त्यास म्हटले, ‘‘आधी आम्हांला तुझा खेळ समजावून सांग.’’

खेळाची मांडणी अशी. मैदान शंभर यार्ड लांबीचे. प्रत्येक बाजूचे अकरा गडी. ज्याच्याकडे चेंडू असेल त्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू सीमेपार नेला तर सहा गुण व त्यावर लाथेने मिळविता येणारा एक. दोन उंच खांबांमधून लाथाडला तर तीन. प्रतिपक्षाच्या चेंडूधारकास त्याच्याच सीमेमागे पाडल्यास दोन.

व्यावसायिक संघांना 1950 सालापासून हवे तितके गडी बदलण्याची कायमची मुभा मिळाली आणि एका संघाची जणू तीन पथके झाली. चेंडू पुढे नेणारे आक्रमक पथक, तो अडविणारे बचाव पथक, आणि चेंडू लाथाडण्याच्या मोजक्या क्षणी उतरणारे विशेष पथक. आमचा नातू या तिसऱ्या पथकातला. लाथेने दूर गेलेल्या चेंडूमागे धावावयाचे, तो झेलणाऱ्यास जागीच पाडावयाचे आणि पुन्हा बाकावर येऊन बसावयाचे, एवढेच त्याचे काम.

वरवर पाहता ही तीन पथके म्हणजे एका घरातील तीन वेगळ्या चुली. वस्तुतः प्रत्येकीतला विस्तव दुसरीवरून आलेला असतो. आक्रमण अडले म्हणजे चौथ्या प्रयत्नात चेंडू दूर लाथाडतात. तो प्रतिपक्षाच्या सीमेजवळ पडला तर त्याला सारे मैदान तुडवीत यावे लागते, आणि बचाव पथकाचे ओझे हलके होते. बचावाने चेंडू लवकर हिसकावला तर आक्रमकांना थोडेच अंतर काटावयाचे उरते. आणि आक्रमकांनी चेंडू दीर्घकाळ स्वतःकडे राखला, तर बाकावरील बचावाला दम घेता येतो. शिवाय प्रतिपक्षाचे तरबेज आक्रमक तेवढा वेळ हात बांधून बसतात. चेंडूच नसेल तर पराक्रम दाखविणार कोठे?

हे पटावे म्हणून नातवाने आम्हांस 1991 सालच्या जानेवारीतील दोन सामन्यांची चित्रफीत दाखविली. 20 जानेवारीस न्यू यॉर्क जायंट्स हा संघ सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्सशी भिडला. सॅन फ्रान्सिस्को लागोपाठ तिसऱ्या अजिंक्यपदाच्या वाटेवर होता आणि शेवटच्या मिनिटांत 13-12 असा पुढेही होता. चेंडू रॉजर क्रेगच्या हाती. तेवढ्यात जायंट्सच्या बचाव पथकाने तो निसटविला आणि लॉरेन्स टेलरने कवटाळला. आक्रमकांनी तो थोडा पुढे नेला, आणि वेळ संपता संपता मॅट बारने 42 यार्डांवरून खांबांमधून लाथाडला. जायंट्स 15-13 असे जिंकले. ते पंधराही गुण लाथेने मिळविलेले. चेंडू सीमेपार एकदाही गेला नव्हता!

आठवड्याने, 27 जानेवारीस टँपा येथे अंतिम सामना झाला. समोर बफेलो बिल्स. या संघाने आधीच्या सामन्यात 51-3 असा विजय मिळविलेला. त्याचे आक्रमण म्हणजे आषाढातला पूर. जायंट्सचे प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांनी या पुरास बांध घातला तो केवळ बचावाने नव्हे. त्यांच्या आक्रमकांनी थोडेथोडे अंतर काटीत चेंडू स्वतःपाशीच ठेवला. तिसऱ्या सत्रात त्यांची एकच चढाई साडेनऊ मिनिटांच्या आसपास चालली. साठ मिनिटांच्या खेळात चेंडू त्यांच्याकडे 40 मिनिटे 33 सेकंद होता. त्या दिवशी जायंट्सच्या आक्रमकांनी निम्मा बचाव केला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच सामन्यात एक क्षण असा आला की त्यावर आमची दृष्टी खिळून राहिली. बिल्स 10-3 असे पुढे होते. जायंट्सचा जेफ हॉस्टेटलर स्वतःच्याच सीमेमागे पडला, आणि बिल्सच्या धिप्पाड ब्रूस स्मिथने त्याचे मनगटच धरले. त्या हातात चेंडू होता. हॉस्टेटलरने तो कसाबसा पोटाशी ओढला आणि खाली कोसळला. बिल्सला दोन गुण मिळाले. चेंडू निसटून त्यांच्या हाती लागता तर सहा, किंबहुना सात मिळते. त्या घटकेला ती जायंट्सची नामुष्कीच वाटली. परंतु अखेरचा गुणफलक होता 20-19. विजय एका गुणाचा!

आता त्या एका गुणाची दुसरी बाजू. आठ सेकंद उरली असता बिल्सच्या स्कॉट नॉरवूडने 47 यार्डांवरून चेंडू लाथाडला. तो उजव्या खांबाबाहेरून गेला आणि सामना हातचा गेला. चाळीस मिनिटे चेंडू हिसकावू न शकलेले बचाव पथक, त्याला आणखी जवळ नेऊ न शकलेले आक्रमक पथक, हे सारे विसरले जावे आणि एकाच लाथेचे नाव उरावे, असा तो प्रसंग. परंतु दुसऱ्या दिवशी बफेलोच्या चौकात हजारो नागरिक जमले आणि त्यांनी नॉरवूडचेच नाव पुकारून त्यास पुढे बोलाविले. तो गहिवरून गेला. वर्षभराने, 1992 च्या जानेवारीत, याच संघाने डेन्व्हरला 10-7 असे हरवून पुन्हा अंतिम फेरी गाठली. त्या दिवशी बिल्सच्या आक्रमकांना सीमा गाठता आली नाही. बचाव पथकाने सात गुणांची वाट उघडली, आणि उरलेले तीन, म्हणजे नेमका विजयाचा फरक, नॉरवूडच्या लाथेने दिला.

चित्रफीत संपली. नातू खुलला होता. आम्ही मात्र अस्वस्थ झालो. कारण सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, आम्ही साधे शिक्षक असताना, तालुक्याच्या खो-खो सामन्यात आमची शाळा एका गुणाने हरली. शेवटच्या क्षणी खांबावर झेपावलेल्या मुलाच्या बोटांतून पळणारा गडी निसटला. सर्वांदेखत आम्ही त्यास म्हणालो, ‘‘तुझ्यामुळे हरलो.’’ दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही. वस्तुतः पहिल्या डावात पळतीची आमची पहिली तुकडी पाहता पाहता बाद झाली होती, आणि त्या तुकडीतील एक मुलगा तापाने फणफणलेला होता. ताप आम्हांस ठाऊक होता. त्यास उतरविण्याचा निर्णय आमचा. तो गुण खांबावर गेलाच नव्हता. तो सकाळीच, आमच्या हातून गेला होता.

दोन वर्षांपूर्वी तोच विद्यार्थी आपल्या मुलास पाचवीत दाखल करण्यासाठी आमच्यापुढे उभा राहिला. अर्जावर सही करताना हळूच म्हणाला, ‘‘सर, याला तेवढं खेळात घालू नका.’’ आम्ही मान डोलावली आणि विषय टाळला. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून तेवढेही धैर्य आम्हांस झाले नाही.

नातू परत गेल्यावर जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात आम्ही त्या गृहस्थास निरोप धाडून बोलाविले. चहा मागविला, आणि तापाची ती हकीकत प्रथमच त्याच्यापुढे मांडली. ‘‘चूक आमची होती. तुमची झेप मात्र खरी होती,’’ असे आम्ही म्हणालो. तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, बोटाला त्याचा सदरा लागला होता. अजून आठवतं.’’

त्याचा मुलगा आता सायंकाळी मैदानावर असतो. अद्याप तो राखीव गड्यांतच बसतो. सामना संपला म्हणजे आम्ही गुणपत्रक घेऊन सर्व मुलांना वर्तुळात बसवितो, आणि हिशेब शेवटच्या झेपेपासून नव्हे, तर पहिल्या ‘खो’पासून वाचावयास सांगतो. राखीव गड्यांनाही, आणि सरांच्या निर्णयांसकट.