इंदूरची रुंदी, पुण्याचा उतार

इंदूर आणि पुणे यांचे नाते जुने. पेशवाईत तिकडून इकडे घोडी आली. आता आपल्या घराघरांतील मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे जातात आणि पाठोपाठ त्यांची दुचाकीही रवाना होते. त्यामुळे या दोन शहरांच्या रस्त्यांची तुलना आपल्याकडे आता केवळ गप्पांचा विषय राहिलेला नाही.

बांधणीच्या बाबतीत पारडे इंदूरकडे झुकते, असे आमचे मत आहे. (पुणेकर आप्तांनी रागावू नये!) पुण्यात खड्ड्यांचा दोष पावसाच्या माथी मारण्याची रीत आहे, परंतु वर्षाकाठी पाऊस पुण्याहून इंदूरलाच अधिक पडतो. डांबराचा खरा वैरी म्हणजे साचलेले पाणी. नळासाठी, तारांसाठी चर खणावा, माती वरवर लोटून द्यावी आणि त्यावर डांबराचा पातळ थर पसरावा, की पहिल्या सरींतच तो चर खचतो आणि भेगांतून पाणी आत मुरते. चांगल्या रस्त्याचा दाखलाही पुण्यातच आहे. तेथील जंगली महाराज रस्ता १९७६ साली ‘रेकॉन्डो’ कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधून दिला आणि ती मुदत संपल्यावरही तो कित्येक वर्षे खड्ड्यांवाचून टिकला. मग तसे आणखी रस्ते का झाले नाहीत? याचे उत्तर पुणेकरांनीच द्यावे.

वाहन चालविण्याच्या शिस्तीत मात्र आपण इंदूरकरांनी मिरवावे असे फारसे काही नाही. डावीकडे वळणाऱ्याची वाट अडवून सिग्नलपाशी उभे राहणे आणि चार पावलांचा वळसा वाचविण्यासाठी उलट दिशेने येणे, हे आपल्या अंगवळणीच पडले आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर २०१३ साली बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका सुरू झाली. २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती हटविण्याचे काम हाती घेण्यात आले. पुण्याने हाच प्रयोग २००६ साली, आपल्याही आधी केला होता आणि काही रस्त्यांवर तोही गुंडाळला गेला. बसला वाट नसली की प्रत्येक घरी दुचाकी वाढते. दोन्ही शहरांत तसेच घडते आहे.

एका वाचक भगिनीने विचारले आहे, ‘लेकीची स्कूटर पुण्याला पाठवावी काय?’ आम्ही म्हणतो, अवश्य पाठवावी. पेठांतील अरुंद, एकेरी रस्त्यांवर वेग मुळातच कमी असतो. तेथे मनस्ताप होईल, पण जिवावरचा प्रसंग विरळा. चिंता आहे ती मुंबई-बंगळूर महामार्गावरील कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या दीर्घ उताराची. डिझेल वाचविण्यासाठी काही चालक मालमोटारीचा गिअर काढून ती उतारावर नुसती सोडतात. मग सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन गर्दीत निकामी होतात. राऊ-खलघाट मार्गावरील आपला गणपती घाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नको. तेथेही रस्ता गुळगुळीत आहे, हे विशेष!

तेव्हा लेकीला इतकेच बजावावे, की तो उतार दुचाकीच्या वाटेतून शक्यतो वगळावा, फेरा पडला तरी चालेल. आणि हेल्मेट मागे बसणाऱ्या मैत्रिणीलाही हवे. कायदा दोघींना सारखाच लागू आहे.