वाघिणीवरची स्वारी

मालगाडीच्या डब्याला आपल्या रेल्वेतल्या मंडळींनी ‘वाघीण’ करून टाकले. मूळ शब्द इंग्रजी, जिभेवर घोळून तसा झाला. पण शिकागोच्या होबोंना तो कळता, तर त्यांनी आनंदाने उचलला असता.

होबो म्हणजे अमेरिकेतला भटक्या मजूर. भिकारी नव्हे. काम न करता भटकणारा तो ट्रॅम्प, आणि कामही नाही, भटकणेही नाही, तो बम! हा भेद होबो मोठ्या अभिमानाने पाळीत. शिकागो ही त्यांची पंढरी, कारण देशातले बहुतेक मोठे लोहमार्ग तिथे येऊन मिळत. वेस्ट मॅडिसन रस्त्यावर मजूरभरतीच्या कचेऱ्या, स्वस्त खानावळी, रात्रीपुरती बिछायत. स्वतः होबो म्हणून हिंडलेल्या नेल्स अँडरसनने १९२३ साली ‘द होबो’ हा ग्रंथ लिहिला. वर्षाकाठी तीन ते पाच लाख असली माणसे शिकागोतून जातात, असा त्याचा अंदाज. कोणी कॅन्ससचा गहू कापायला, कोणी जंगलतोडीला, कोणी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापायला.

जायचे मालगाडीने, पण यार्डात रेल्वेचे खासगी पोलीस. त्यांना ‘बुल’ म्हणत. म्हणून यार्डाबाहेर, गाडीने वेग घेण्याआधी, दबा धरून बसायचे आणि धावत जाऊन शिडी पकडायची. तीही डब्याच्या पुढच्या टोकाची. हात सुटला तर माणूस डब्याच्या अंगावर आपटून बाहेर फेकला जातो. मागच्या टोकाची धरली, तर झोका दोन डब्यांच्या मध्ये, म्हणजे थेट चाकांखाली. रिकाम्या डब्यात शिरल्यावर सरकत्या दाराच्या खाचेत लाकडी पाचर ठोकायची. नाहीतर धक्क्याने दार बंद होते आणि आतून उघडत नाही. काही बहाद्दर डब्याखालच्या गजांवर पडून जात. त्यांच्यासाठी ब्रेकवाले दोरीला जड खुंटी बांधून खाली सोडीत. ती स्लीपरांवर आपटून उसळे, असे जॅक लंडनने ‘द रोड’मध्ये (१९०७) लिहिले आहे.

या भटकंतीवर काव्य पुष्कळ झाले. मला मात्र आठवतो तो डब्ल्यू. एच. डेव्हिस. पुढे तो नामांकित वेल्श कवी झाला, पण १८९९ साली कॅनडात चालती गाडी पकडताना त्याचा पाय चाकाखाली गेला. १९०१ ते १९०५ या पाच वर्षांत अमेरिकेच्या रुळांवर अनधिकृतपणे आलेली सुमारे २४ हजार माणसे मेली. त्यांत नुसते रूळ ओलांडणारेही होते, हे मान्य. तरी आकडा लहान होत नाही.

आणि याला म्हणायचे फुकट प्रवास! गव्हाचे भाडे कोणीतरी भरीत असे. गहू कापणाऱ्याचे कोणीच नाही. सुगीत पुष्कळदा गाडीवाले काणाडोळा करीत. सुगी सरली की तोच माणूस भुरटा ठरे आणि भटकेपणाच्या कायद्याखाली तुरुंगात जाई. त्याची गरज शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, खुद्द रेल्वेलाही. जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. हा हिशेब मला काही केल्या पटत नाही.

पुढे कापणीची यंत्रे आली, मोटारी आल्या, होबोंची गर्दी ओसरली. वेस्ट मॅडिसनवर आज उंच इमारती आहेत. आयोवातल्या ब्रिट गावी मात्र दर ऑगस्टमध्ये होबोंचा मेळावा भरतो. राजा-राणी निवडतात, मोठाल्या भांड्यांत मलिगन नावाचा मांस-भाज्यांचा रस्सा रटरटतो आणि येईल त्याला वाढतात. पाहुणे बहुतेक मोटारीने येतात.