अहवालातील 'पॉझिटिव्ह' आणि अंडाशयाचा कर्करोग

स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन रिसेप्टर 'पॉझिटिव्ह' असल्याचा अहवाल आला, की टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या स्वस्त गोळ्या उपचारांत येतात, हे आता अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. साहजिकच अंडाशयाच्या कर्करोगाच्या अहवालात तोच शब्द दिसला, की नातेवाईक तीच आशा धरतात. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ती फोल ठरते. दुःखाची बाब ही, की जिच्या बाबतीत ती सार्थ ठरू शकते, अशी रुग्णही याच गोंधळात निसटून जाऊ शकते.

रिसेप्टर म्हणजे संप्रेरकाचा निरोप स्वीकारणारे पेशीतील प्रथिन. ते सापडले म्हणजे पेशी त्या निरोपावरच जगते, असे मात्र नव्हे. २०१३ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या २,९३३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने हे स्पष्ट केले. सर्वाधिक आढळणाऱ्या 'हाय-ग्रेड सीरस' प्रकारात ८१ टक्के गाठींत इस्ट्रोजेन रिसेप्टर होता. तरीही त्याचा रुग्णाच्या आयुर्मानाशी संबंध दिसला नाही. त्याच प्रकारात प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर ठळक असलेल्या रुग्ण मात्र अधिक काळ जगल्या. 'एंडोमेट्रिऑइड' प्रकारात दोन्ही रिसेप्टर अनुकूल ठरले. एकाच अवयवाचा रोग, पण प्रकारागणिक त्याच शब्दाचा अर्थ निराळा.

खरा प्रश्न आहे तो 'लो-ग्रेड सीरस' या दुर्मीळ प्रकाराचा. तो तुलनेने तरुण स्त्रियांत आढळतो, संथ वाढतो आणि केमोथेरपीला फारशी दाद देत नाही. अमेरिकेतील एम. डी. अँडरसन केंद्राने २०१७ साली अशा २०३ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. शस्त्रक्रिया व केमोथेरपीनंतर संप्रेरकरोधक औषधे घेतलेल्यांत रोग पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक काळ ६४.९ महिने होता. न घेतलेल्यांत २६.४ महिने. हा जुन्या नोंदींचा आढावा होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे, हे विसरता कामा नये. तशी चाचणी पुढे हाती घेतली गेली, तीही अमेरिकी सरकारी निधीवर. पेटंट संपलेल्या गोळीसाठी कोणती कंपनी पैसा ओतणार?

भारतात दरवर्षी सुमारे ४७ हजार स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान होते. त्यांतील बहुसंख्यांना ही गोळी लागू नाही. पण कोणाला लागू आहे, हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. लो-ग्रेड की हाय-ग्रेड, हा भेद अनुभवी रोगनिदानतज्ज्ञालाच नेमका उमगतो. अहवालात केवळ 'सीरस कार्सिनोमा' लिहून ग्रेड गाळलेला असेल, तर त्याखालील रिसेप्टरच्या टक्केवारीला अर्थ उरत नाही. गोव्यातील किंवा बेळगावातील रुग्णाला यासाठी प्रवासही करावा लागू नये. स्लाइड आणि ब्लॉक मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्राकडे फेरतपासणीसाठी पाठवता येतात, आणि ही मागणी केमोथेरपीचा पहिला डोस सुरू होण्यापूर्वीच करायला हवी.