बॅटरीवरचा ब्रश

दात घासायला पण आता मशीन लागतं का? इलेक्ट्रिक टूथब्रशबद्दल चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत माझं मत एवढंच होतं. ऑफिसातल्या एका मित्राने अमेरिकेहून येताना असला ब्रश आणला तेव्हा आम्ही त्याची यथेच्छ टर उडवली होती. "हात चालतात ना रे तुझे?" असं मीच विचारलं होतं त्याला.

मग बाबांचा उजवा हात चालेनासा झाला.

म्हणजे अगदीच चालेनासा नाही. स्ट्रोक सौम्य होता. बोलणं शाबूत, पायही महिन्याभरात ताळ्यावर आला. पण बोटांतली पकड गेली. शर्टाची बटणं आई लावायला लागली, जेवायला जाड दांड्याचा चमचा आला. या कशाचंच बाबांना फार वाटलं नाही. दात घासण्याचं मात्र वाटलं. डाव्या हाताने नीट जमेना, ब्रश हिरड्यांना लागून रक्त यायचं. मग आई घासून द्यायला लागली. मी शनिवारी साताऱ्याला गेलो की बघायचो, बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं आणि आत बाबा आ वासून, डोळे गच्च मिटून उभे. जन्मभर माकडछाप काळ्या पावडरीने कराकरा दात घासलेला माणूस! थोड्याच दिवसांत त्यांनी रात्रीचं घासणं बंदच करून टाकलं. "कशाला तिला त्रास," म्हणे.

तर ब्रश आणला. पहिल्या दिवशी बाबांनी तोंडात घालायच्या आधीच बटण दाबलं आणि पेस्ट उडाली ती आरशावर, त्यांच्या चष्म्यावर आणि माझ्या शर्टावर. (हे प्रत्येकाचं होतंच. आधी तोंडात, मग बटण.) दुसरी चूक म्हणजे साध्या ब्रशसारखं घासत सुटणं. इथे घासायचं नसतंच. दातावर नुसता टेकवायचा आणि सावकाश पुढच्या दातावर न्यायचा, हलायचं काम तो करतो. आत बॅटरी असल्यामुळे त्याचा दांडा जाडजूड असतो, आणि कमजोर किंवा सवय नसलेल्या हाताला नेमकं तेच सोयीचं पडतं. जास्त दाबला तर लाल दिवा लागतो. दर तीस सेकंदांनी क्षणभर अडखळतो, म्हणजे आता तोंडाचा पुढचा कोपरा घ्या, आणि दोन मिनिटं झाली की कळवतो. आठवड्याभरात बाबा डाव्या हाताने आपले आपण घासायला लागले. बाथरूमच्या दाराला आतून कडी लागली.

नंतर वाचलं तर कळलं, की हे यंत्र मुळात अशाच लोकांसाठी निघालं होतं. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये ब्रॉक्सोडेंट नावाचा पहिला यशस्वी विजेचा ब्रश आला, तो हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या आणि दातांना तारा लावलेल्या पेशंटांसाठी. आता जाहिराती बघा. पांढरेशुभ्र दात दाखवणारी पंचविशीतली धडधाकट पोरं! संधिवाताने बोटं वाकडी झालेली एखादी आजी त्यात दिसली तर मला सांगा.

धडधाकट माणसाला उपयोग नाही असं नाही. कॉक्रेनने २०१४ मध्ये ५६ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशपेक्षा दातांवरचा थर २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी. पण प्रत्यक्षात दातांच्या आरोग्याला त्याने किती फरक पडतो ते स्पष्ट नाही, हेही त्यांनीच लिहिलंय. तुम्ही साध्या ब्रशने हळू हाताने, घड्याळ लावून दोन मिनिटं घासत असाल तर खुशाल घासत राहा. ब्लूटूथवाल्या मॉडेलला जास्तीचे पैसे देणं तर मला पटतच नाही. मी दिवसभर सॉफ्टवेअरच लिहितो, माझ्या दाढांचा आलेख मोबाईलवर बघायची मला हौस नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तीस लाख हॅक झालेल्या टूथब्रशनी एका कंपनीची वेबसाइट पाडल्याची बातमी जगभर फिरली होती. ती निव्वळ कल्पित उदाहरणावरून उठलेली वावडी निघाली. पण वाचणाऱ्यांना ती खरी वाटली, यातच काय ते आलं.

माझं खरं भांडण बॅटरीशी आहे. बाबांचा ब्रश गेल्या महिन्यापासून दीड मिनिटातच मान टाकतो. कंपनीला फोन केला तर, "सर, बॅटरी बदलता येत नाही, नवीन घ्या." उघडून पाहिला. आत पेन्सिल सेलएवढा एक सेल, बोर्डाला डाग देऊन पक्का बसवलेला. मोटर उत्तम, चार्जर उत्तम, आणि एका सेलपायी सगळं कचऱ्यात! पाणी आत जाऊ नये म्हणून सीलबंद करावं लागतं, हे मान्य. पण पाण्याखाली चालणारा टॉर्चही सेल बदलता येईल असा बनवतातच की. युरोपात घरगुती उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम केलाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासूनचा. त्यातही पाण्यात वापरायच्या वस्तूंना सवलत आहे, तिथे ती जाणकार कारागिराला बदलता आली तरी पुरे. निदान तेवढं तरी! आमच्या साताऱ्याचा रेडिओवाला सेल बदलून द्यायला तयार आहे, पण आत पाणी जाणार नाही याची हमी देत नाही. आणि बाबांच्या हातात ओला, गळका, विजेचा ब्रश द्यायची आईची तयारी नाही.

नवीन मागवलाय, सगळ्यात साधा, दाबाचा दिवा असलेला, ब्लूटूथ नसलेला. जुना मी परत जोडून पुण्याला घेऊन आलोय. दीड मिनिट त्याने घासतो, उरलेलं अर्धं हाताने.