संगणक म्हातारा झाला, की म्हातारा ठरवला?



तालुक्यातालुक्यांतून एकच प्रश्न आमच्याकडे येतो आहे. गटाच्या किंवा शेतकरी कंपनीच्या कार्यालयात आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक आहे. सभासदांची यादी, वजनाच्या पावत्या, चुकारे, जमाखर्च, सगळे त्याच्यात. तो आता कुंथतो आणि वर पडद्यावर सांगतो की माझी मुदत संपली. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. सभासद विचारतात, वर्गणीचा पैसा किती वेळा यात घालायचा? जिल्हा बैठकीत या विषयावर तावातावाने बोलून उपयोग नाही. हिशोबाने बोलू या.

आधी मुदतीचे प्रकरण. विंडोज १० ही प्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. प्रणालीत नवी भोके सापडली तर ती फुकट बुजवण्याचे काम बंद झाले, एवढेच. घरगुती वापरणाऱ्यांसाठी कंपनीने वाढीव मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ बसवायची तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक या चाळणीतून खाली पडतात.

यासाठी कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. दहा वर्षे देखभाल केली, पुढे करणार नाही, हा तिचा व्यवहार झाला. आपला व्यवहार आपण पाहायचा. बैल औताला चालतो की नाही हे ज्याच्या दावणीला बैल आहे तो ठरवतो, बाजारातला दलाल ठरवत नाही.

समजा, नवा संगणक ४० हजारांना पडतो. २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ८,११० रुपयांनी, लांब धाग्याचा जवळजवळ ५ क्विंटल कापूस झाला. संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपयांनी धरले तर पावणेअकरा क्विंटलच्या वर ज्वारी. कोरडवाहूत एवढे पीक किती रानातून निघते, ते तुम्हाला सांगायला नको. हा संगणक आठ वर्षे चालला तर वर्षाला ५ हजार पडले. उलट, समजा जुन्यावर ६ हजार खर्चून तो तीन वर्षे चालतो. वर्षाला २ हजार पडले. दुरुस्तीने खरेदी टळत नाही, तीन वर्षे पुढे जाते, हे खरे. पण तेवढी वर्षे ३४ हजार रुपये गटाच्या खेळत्या भांडवलात राहतात. खरेदीच्या हंगामात त्या पैशाची किंमत काय असते, हे ज्याने चुकारे थकलेले पाहिले त्याला विचारा.

मात्र दुरुस्ती कशाची करायची, ते आधी कळले पाहिजे. ‘हळू झाला’ हे काही निदान नाही. पऱ्हाटीवर लाल्या दिसला म्हणून जाणता शेतकरी लगेच पंप पाठीवर घेत नाही. मॅग्नेशियम कमी पडले, नत्र कमी पडले, की तुडतुडे लागले, ते आधी पाहतो. इथेही तसेच. तारीख-वेळ रोज मागे जाते आणि त्यामुळे संकेतस्थळे उघडत नाहीत? बहुधा आतली बटणाएवढी बॅटरी संपली आहे. तापून बंद पडतो? पंख्यात कापसाची आणि रस्त्याची धूळ भरली असेल, ती आधी साफ करा. सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागतात? बहुतेक वेळा फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क त्याचे कारण असते. तिच्या जागी एसएसडी घातली की तोच संगणक ओळखू येत नाही. चार कामे एकदम उघडली की अडखळतो? मग ४ जीबीची रॅम ८ करावी. पण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच चढले, तेव्हा दोन दुकानांत विचारूनच जा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती वाढत नाही. एसएसडी उद्या काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते, जुन्या बोर्डाची रॅम नव्याला सहसा चालत नाही. सोबत येणाऱ्या वस्तूवर आधी पैसा घालावा.

मदरबोर्ड गेला असेल, सुटे भाग मिळत नसतील, किंवा दुरुस्ती नव्याच्या चौथाईवर जात असेल, तर मोह सोडा. नवा घ्या आणि सोबत चांगला यूपीएसही घ्या. आपल्याकडच्या विजेच्या चढउतारात त्याच्यावाचून नवे यंत्रही टिकत नाही.

राहिला प्रणालीचा प्रश्न. मुदत संपलेल्या विंडोजवर जमाखर्च लिहिता येईल, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, सभासदांचे आधार त्यात ठेवू नये. चोरीची प्रत फुकट बसवून देणारे गल्लोगल्ली भेटतात. जिथे लोकांचा पैसा आहे तिथे ती नको. लिनक्स ही प्रणाली १९९१ पासून जगभरचे लोक मिळून घडवत आले आहेत. तिचे मिंट, उबुंटू असे प्रकार फुकट मिळतात, दहा वर्षांच्या यंत्रावर चालतात, त्यावर मराठी टंकता येते. पत्रे, याद्या, तक्ते यांना ती पुरेशी आहे. टॅली मात्र विंडोजसाठीच बनलेली आहे. डिजिटल सहीची चावी लिनक्सवर चालते का, ते देणाऱ्याला आधी विचारा. जुन्या फाँटमधली मराठी कागदपत्रे युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर नव्या यंत्रावर त्यांचा गिचमिड काला दिसेल.

आणि काहीही ठरवा, पहिले काम एकच. यंत्राला हात लावण्याआधी सगळ्या माहितीच्या दोन प्रती काढा आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. यंत्र पुन्हा मिळते, वजनाची पावती मिळत नाही. जुना संगणक भंगारात देताना डिस्क काढून घ्या. तिच्यात शेकडो घरांचे खाते क्रमांक आहेत. उरलेले यंत्र नोंदणी असलेल्या ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या.

येत्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक कागद आणावा. त्यावर तीन ओळी असाव्यात : यंत्र कोणत्या कामाला अडते, ती अडचण काढायला किती खर्च येतो, आणि त्या खर्चाने ते किती वर्षे चालेल. ज्या तालुक्याच्या कागदावर दुरुस्ती परवडते, त्याने दुरुस्ती करावी. ज्याच्या कागदावर परवडत नाही, त्याने उजळ माथ्याने नवा घ्यावा. दोघांकडूनही हिशोब सभासदांपुढे वाचून दाखवला गेला पाहिजे. नव्या यंत्राची हौस आणि जुन्याची माया, दोन्हींचा खर्च सभासदांच्याच कापसा-ज्वारीतून जातो.