जिभेला न कळणारी साखर



भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले, की तो हळूहळू गोड लागू लागतो. लाळेतील अमायलेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करीत असते. हेच काम कारखान्यात करताना एक अडचण येते. स्टार्चचे कण पूर्ण फुटावेत म्हणून त्याचे द्रावण सुमारे १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते आणि उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग थिजावा, तसे लाळेतील विकर त्या उष्णतेत निकामी होते.

येथे उष्णताप्रिय जिवाणू साह्यास येतात. ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ हा जिवाणू ५५ ते ६५ अंशांतही सुखाने वाढतो. त्याचे बीजाणू इतके चिवट, की रुग्णालयांतील निर्जंतुकीकरण नीट झाले की नाही, हे त्यांच्यावरून पारखतात. त्याच्यासारख्या जिवाणूंचे अमायलेज कढत द्रावणातही स्टार्चच्या साखळ्या तोडत राहते. १८११ मध्ये किर्खहॉफ यांनी आम्लाच्या साह्याने स्टार्चपासून साखर केली होती. आज ते काम बहुतांशी विकरे करतात. त्यातून प्रथम माल्टोडेक्स्ट्रिन मिळते, पुढे ग्लुकोज, आणि ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल.

हे पदार्थ आपल्या घरीही येतात. आजारपणात दिल्या जाणाऱ्या अनेक पोषक भुकट्यांत माल्टोडेक्स्ट्रिन असते. ते जिभेला जवळजवळ गोड लागत नाही. मात्र पोटात गेल्यावर त्याचे झपाट्याने ग्लुकोज होते. म्हणून ‘वरून साखर घातलेली नाही’ एवढ्या शब्दांवर मधुमेही व्यक्तीने विसंबू नये. डब्यावरील घटकांची यादी आणि एकूण कर्बोदकांचा आकडा वाचावा. अशक्त रुग्णाची भुकटी मात्र परस्पर बंद करू नये; डबा घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि रक्तशर्करेच्या नोंदीही सोबत न्याव्यात.

साखरविरहित औषधी पातळांत पुष्कळदा सॉर्बिटॉल असते. ते अधिक प्रमाणात पोटात गेल्यास गॅस होतो, जुलाबही होतात. घरातील वडीलधाऱ्यांना अकारण जुलाब होऊ लागले, तर चालू औषधांच्या बाटल्याही डॉक्टरांना दाखवाव्यात.

हे पदार्थ विष नव्हेत. योग्य जागी ते उपकारकच आहेत. परंतु जीभ जे सांगत नाही, ते डब्यावरील बारीक अक्षरांत लिहिलेले असते. तेव्हा चष्मा लावून ती अक्षरे अवश्य वाचावीत; ज्यांना दिसत नाही, त्यांना घरच्यांनी वाचून दाखवावीत.